घरच्यांचं बाक

काळ्या कोटातल्या माणसानं माझ्या कोपराला हात लावला आणि हलक्या आवाजात विचारलं, "फॅमिली?" प्रश्न मला नीट ऐकू आला होता. पण बायको गेल्यापासून त्या शब्दाला काय उत्तर द्यायचं ते मला सुचत नाही. तो माझ्या पांढऱ्या सदऱ्याकडे बघत होता. सगळं चर्च काळ्या कपड्यांत आणि मी एकटा पांढऱ्यात. त्यानं मान खाली घातली, माझा दंड धरला आणि मला मधल्या वाटेनं पुढे घेऊन गेला. मागून माझ्याच कारखान्यातला आशुतोष दबक्या आवाजात म्हणाला, "अहो काका, कुठे चाललात? इकडे जागा आहे." मी वळून बघितलं, पण तोवर माझ्या मागे माणसं आली होती. पहिल्या बाकापाशी आल्यावर त्या माणसानं मला अगदी कडेला बसवलं, माझ्या खांद्यावर एकदा हात ठेवला आणि गेला. समोर शवपेटी होती. पेटीवर फ्रेममध्ये रूडोचा फोटो होता. रंगीत काचांच्या खिडकीतून येणारा उजेड नेमका फ्रेमच्या काचेवर पडत होता. त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. नुसता एक पांढरा चौकोन दिसत होता.

रूडो मोयो झिम्बाब्वेहून इथे, आयर्लंडमधल्या नावन गावाला आली होती. आधी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची कामं करायची. मग आश्रय मागायला आलेल्या लोकांना वर्षानुवर्षं एका जुन्या हॉटेलात कोंडून ठेवतात, त्यांना काम करू देत नाहीत, त्याविरुद्ध ती उभी राहिली. पावसात कौन्सिलच्या पायऱ्यांवर बसायची. तिच्या अंगावर लोक ओरडले, कुणी थुंकलंही. मग कायदा थोडा बदलला आणि ती टीव्हीवर दिसायला लागली. शेवटी ती आजारी पडली, तेव्हा तर गावात तिचा शब्द कुणी खाली पडू देत नव्हतं. माझी बायको मेधा त्याच वृद्धाश्रमात नर्स होती. दोघी एकाच मजल्यावर. मेधा घरी येऊन हसत सांगायची, "आज मला तीन जणांनी रूडो म्हणून हाक मारली. आणि रूडोला एक आजोबा म्हणाले, मेधा, तुझा चष्मा कुठे गेला?" रूडो उंच, काळीभोर, रुंद खांद्यांची. मेधा माझ्या छातीला लागायची, वर्णानं गव्हाळ, डोळ्यांवर जाड चष्मा. मी म्हटलं, आंधळे आहेत का हे लोक? ती म्हणाली, "युनिफॉर्म एकच ना. त्याच्या वर त्यांना फक्त 'दुसरीकडची' एवढंच दिसतं. आम्ही दोघी जुळ्या आहोत असं आम्ही सांगून टाकलंय." मी पण हसलो होतो.

मेधा गेली तेव्हा डब्लिनच्या क्रिमेटोरियममध्ये थोडीशी माणसं होती. रूडो सगळ्यात मागे बसली होती. तिनं आदल्या दिवशी मला फोन करून विचारलं होतं, "तुमच्यात अशा वेळी कोणता रंग घालतात?" मी पांढरा म्हटलं. ती नवा पांढरा झगा घालून आली होती. मी मात्र कारखान्यात वापरतो त्या काळ्या पँटवर होतो, आशुतोष कोट घालून आला होता, आणि रूडो एकटी आमच्या रिवाजाप्रमाणे. म्हणून आज मी पांढरा सदरा घातला. त्याच्यामागे एवढाच विचार होता. आशुतोष गाडीत म्हणाला होता, "काका, इथे काळा घालतात हो." मी म्हटलं, मला माहीत आहे.

बाकावर मी एकटा नव्हतो. शेजारी एक फिलिपिनो बाई होती आणि तिच्या पलीकडे एक वयस्क सोमाली गृहस्थ, डोक्यावर गोल टोपी. बाई माझ्याकडे वळली, डोळे पुसत माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "फार वाईट झालं." मी तिला तेच म्हणालो. मग तिनं तेच सोमाली गृहस्थांना म्हटलं, आणि त्यांनी तिला. मला वाटलं होतं ती रूडोची कोणीतरी आहे. तिला वाटत होतं की मी आहे. आम्ही तिघांनी एकमेकांचं सांत्वन केलं आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की आमच्यात रूडोचं कुणीच नाही. मागच्या बाकावर मिसेस हॅनली होत्या. त्या नगरसेविका, छातीला काळी फीत. त्या शेजारच्या माणसाला सांगत होत्या, "बहिणीचा व्हिसा उशिरा मिळाला. विमान कधी उतरतंय देव जाणे. घरच्यांचं बाक टीव्हीवर रिकामं दिसलं तर काय म्हणतील? या गावात तिचं कुणी नव्हतं म्हणतील." तो माणूस म्हणाला, "मग आपल्यातले बसवायचे." "आपल्यातले? म्हणजे तुमच्या पक्षाचे? आणि तो कॅमेरा तुमच्याकडे वळायला? छे. आता ठीक आहे. ग्रँड आहे." वर गॅलरीत खरंच कॅमेरा होता. तो आमच्यावर रोखलेला होता. मी उठायला हवं होतं. मी पाय जवळ घेतले, हात गुडघ्यावर ठेवले. तेवढ्यात रांग सुरू झाली.

इथे तशी पद्धत आहे. प्रार्थनेच्या आधी सगळं गाव रांगेनं पहिल्या बाकापाशी येतं आणि घरच्यांच्या प्रत्येक माणसाशी हात मिळवतं. सगळे एकच वाक्य बोलतात, सॉरी फॉर युअर ट्रबल, आणि पुढे सरकतात. नवीन काही सुचावं लागत नाही. मला हे अनेक वर्षं विचित्र वाटायचं. आमच्यात अशा वेळी पुरुष काही बोलत नाहीत. "वाईट झालं" म्हणतात आणि दुसरीकडे बघतात, नाहीतर गाड्या लावायची व्यवस्था बघतात. आज मी कडेला होतो, म्हणून रांगेचा पहिला हात माझ्याच हातात येत होता. एक खरखरीत, शेतकऱ्याचा. एक म्हातारीचा, पानासारखा हलका, अंगठीच्या खाली हाड. एक ओला, बाहेरच्या पावसाचा. सॉरी फॉर युअर ट्रबल. सॉरी फॉर युअर ट्रबल. मी थँक यू म्हणायला लागलो. पहिल्यांदा तो आवाज मलाच ओळखू आला नाही. राजकारणी आले. ते दोन्ही हातांनी हात धरतात आणि तुमच्या कानाच्या मागे कुठेतरी बघतात. जुन्या हॉटेलातल्या लोकांविरुद्ध ज्यानं सभेत भाषण केलं होतं तो आमदारही आला. तो फार हळू म्हणाला, "शी वॉज वन ऑफ अवर ओन." त्याचा हात कोरडा आणि उबदार होता. मला त्याचा राग यायला हवा होता. मी थँक यू म्हटलं.

मेधा गेली तेव्हा क्रिमेटोरियममध्ये मी खांदा द्यायचा म्हणालो होतो. तिथला माणूस फार सभ्य होता. म्हणाला, फरशी गुळगुळीत आहे, चाकांवरून नेलेलं बरं. पेटी चाकांवर गेली. मी मागून चालत गेलो, दोन्ही हात मोकळे. मग पडदा बंद झाला. पडद्याला मोटर होती. मी मशिनच्या देखभालीचं काम करतो, त्यामुळे आवाज ऐकल्याबरोबर कळलं की बेअरिंगला तेल हवं आहे. पडदा बंद होईपर्यंत मी तेवढाच विचार करत होतो. बाहेर आल्यावर माझी मुलगी मुक्ता म्हणाली, "डॅड, आर यू ग्रँड?" मी म्हटलं, ग्रँड. आम्ही गाडीत बसलो. कुणी माझा हात धरला नाही. त्यांचंही काही चुकलं नाही, आमच्यात तसं करत नाहीत. पण घरी आल्यावर मला दोन कप काढताना कळलं की ती गेली हे माझ्या अंगाला अजून कुणी सांगितलेलंच नाही. अस्थी स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, वरच्या फळीवर, रव्याच्या डब्याच्या मागे आहेत. मी प्रेस उघडतो, रवा काढतो आणि बंद करतो.

रांग सरकत होती आणि मला एक गोष्ट जाणवायला लागली. माणसं वाक्य म्हणून झाल्यावर थोडं आणखी बोलायची. एक म्हातारे म्हणाले, "तिचे हात किती थंड असायचे, देव तिला शांती देवो. रक्त घ्यायच्या आधी ती हात चोळून गरम करायची." मेधाचे हात थंड असायचे. झोपेत ती ते माझ्या पाठीला लावायची. मला वाटलं, रूडोचेही असतील. पण रूडो रक्त घेत नसे, ती नर्स नव्हती. पुढची बाई म्हणाली, "आमच्या आईच्या चहात ती आलं किसून घालायची. आई आधी ओरडली, मग तिला दुसरा चहाच चालेना." त्यानंतर एक जण म्हणाला, "लहानखुरी, पण काय ताकद होती!" लहानखुरी. मी समोर बघितलं. पेटी लांब होती, उंच माणसाची. काचेवरचा पांढरा चौकोन थोडा सरकला होता आणि अजूनही त्यात चेहरा नव्हता. माझ्या मानेवर कुणीतरी फुंकर घातल्यासारखं झालं. शेजारची फिलिपिनो बाई म्हणाली, "तुम्ही ठीक आहात ना?" मी मान हलवली. एका क्षणी मला खात्री वाटली की मी उठून पेटीचं झाकण उघडलं तर आत जाड चष्मा असेल, आणि मेधा म्हणेल, अहो, इतका वेळ कुठे होता?

आशुतोष रांगेत होता ते मला तो समोर येईपर्यंत दिसलं नाही. त्याचा चेहरा लाल झाला होता. "काका, हे काय? हे घरच्यांचं बाक आहे. लोकांना वाटतंय तुम्ही तिचे मिस्टर आहात. उठा, प्लीज."

"बस रे," मी म्हटलं.

"बस काय बस! उद्या टीव्हीवर दिसेल. कारखान्यात काय सांगणार?"

मागून माणसं ढकलत होती. आशुतोषचा हात माझ्या हातात होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, खरंच बघितलं, बहुतेक मेधाच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. त्याच्या तोंडून निघालं, "सॉरी फॉर युअर ट्रबल." मग तो घाबरल्यासारखा पुढे गेला आणि सोमाली गृहस्थांशीही त्यानं हात मिळवला.

रांगेच्या शेवटी ती बाई आली. मी तिला ओळखलं. चर्चमध्ये येताना रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर आयर्लंडचे तिरंगी झेंडे घेऊन काही माणसं उभी होती. आयर्लंड भरलं आहे, परत जा, असं म्हणणारी ती माणसं. आज ओरडत नव्हती, नुसती उभी होती, ते जास्त वाईट होतं. त्यांच्यात ही होती, लाल रंगवलेल्या केसांची, पन्नाशीची. आता तिनं झेंडा गुंडाळून कोटाच्या आत घेतला होता, काठी बाहेर दिसत होती. तिनं माझा हात धरला आणि सोडला नाही.

"मी राजकारणासाठी आलेले नाही," ती म्हणाली. "बाहेर मी कशासाठी उभी आहे ते मला माहीत आहे आणि त्याबद्दल मी माफी मागणार नाही. पण ती माझ्या मॅमपाशी, आईपाशी, शेवटी होती. मी पोचू शकले नाही. ती होती."

"थँक यू," मी म्हटलं.

"तिची एक प्रार्थना होती. तुमच्या भाषेतली. मॅमची कूस बदलताना ती हळू म्हणायची. मॅम घाबरायची ना, पडेन म्हणून. पण त्या प्रार्थनेच्या तालावर ती गप्प व्हायची. मला आता पाठ झाली आहे. झोप आली नाही की मी म्हणते." तिनं डोळे मिटले. माझा हात तिच्या हातात थोडा थोडा हलायला लागला, जसं बाळाला थोपटतात. आणि आयरिश घशातून, सगळे स्वर वाकडे, पण एकही चूक न करता ती म्हणाली, "बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा."

चर्चमधले सगळे आवाज थांबले असं मला वाटलं. ते थांबले नव्हते, खोकला ऐकू येत होता. मेधा सगळ्या कामांत पाढे म्हणायची. कणीक मळताना, मुक्ताला झोपवताना. म्हणायची, त्यात अर्थ नसतो म्हणून ते भीतीच्या वेळी कामाला येतात. शेवटच्या दिवशी, दुपारी, दुखणं वाढलं तेव्हा तिनं बेचा पाढा धरला होता. मी तिच्या तोंडाजवळ कान नेला. बे सक बारा. बे साती. आणि ती झोपली. मी चौदाची वाट बघत बसलो. नंतर नर्सनं येऊन माझ्या खांद्याला हात लावला. तो पाढा तिथे अर्धा राहिला. आता तो या बाईच्या तोंडात होता आणि ती मला रूडोच्या पेटीसमोर तो परत देत होती. म्हणजे ही माणसं मेधासाठी पण आली होती. थंड हात, आलं, लहानखुरी. मेधा गेली हे त्यांना कळलंच नव्हतं, कारण ती रूडोहून वेगळी आहे हे त्यांना कळलं नव्हतं. आज त्यांनी टीव्हीवर ऐकलं की वृद्धाश्रमातली ती गेली, आणि ही माणसं आली. रूडोच्या नावावर मेधाला हात मिळाले होते. आणि मेधाच्या आठवणी रूडोच्या पेटीत चालल्या होत्या. मी गप्प बसलो तर त्या तिथेच पुरल्या जाणार होत्या. मी बोललो तर मी कोण, हे सगळ्यांसमोर सांगावं लागणार होतं. वर कॅमेरा होता.

"ती रूडो नव्हती," कुणीतरी म्हणालं.

झेंडेवाल्या बाईच्या मागे एक उंच बाई उभी होती. चुरगळलेला झगा, हातात चाकांची बॅग, तिच्यावर विमानतळाची पट्टी अजून लटकत होती. ती सगळ्या रांगेत उभी राहून आली होती. तिला दारात कुणी विचारलं नव्हतं, फॅमिली? कारण फॅमिलीचं बाक भरलेलं दिसत होतं. "मी तिची बहीण, तेंदाई," ती म्हणाली. "रूडो माणसांना हसवायची. प्रार्थना ती आमच्या शोना भाषेतच करायची. ही भाषा आमची नाही."

मिसेस हॅनली मागून उठल्या. "अगं बाई! बाळा, तू आलीस! आम्हाला कुणी सांगितलंच नाही..." त्या माझ्याकडे बघायला लागल्या. झेंडेवाली बाई माझा हात धरूनच होती. "मग कोण होती ती?" तिनं मला विचारलं. तिच्या आवाजात राग होता, जणू मी तिची काहीतरी वस्तू लपवली होती.

"ती माझी बायको," मी म्हटलं. "तिचं नाव मेधा."

"मेडा."

"मेधा."

"मेधा," ती म्हणाली. तिला ते हळूहळू आलं. "ती आज आली आहे का?"

"ती फेब्रुवारीत गेली."

तिचा हात ढिला पडला. मग तिनं परत धरला, पहिल्यापेक्षा वेगळा, नवीन रांगेत उभी असल्यासारखा. "सॉरी फॉर युअर ट्रबल," ती म्हणाली. मग तिनं कोटातली काठी आत ढकलली, कुणाकडे न बघता बाजूच्या वाटेनं मागे गेली, आणि बाहेर गेली नाही. शेवटच्या खांबापाशी उभी राहिली.

मी उठलो. मिसेस हॅनली माझ्या कानाशी म्हणाल्या, "प्लीज, बसून राहा, कॅमेरा चालू आहे." मी बाकाच्या बाहेर आलो, तेंदाईला जागा दिली आणि वाकून तिचा हात धरला. मला वाटलं होतं की ते वाक्य माझ्या तोंडून येणार नाही. ते आलं. ती माझ्या सदऱ्याकडे बघत होती.

"तूच तो का?" ती म्हणाली. "रूडोनं मला फोन केला होता. पांढरा झगा घेतला, त्यावर बूट चालतील का विचारत होती. नंतर रात्रभर चिडलेली होती. म्हणाली, माझ्या मैत्रिणीला चहाच्या गाडीसारखं ढकलत नेलं आणि तिचा नवरा मागून मोकळ्या हातांनी चालत होता."

मी तिचा हात सोडला आणि सरळ उभा राहिलो.

"आमच्यातले पुरुष आले नाहीत," तेंदाई म्हणाली. "व्हिसा एकालाच मिळाला. पेटी तू उचल."

प्रार्थना झाली, भाषणं झाली. प्रत्येक पक्षानं तिला आपलं म्हटलं. मी कुठे बसलो होतो ते आठवत नाही, बहुतेक आशुतोषच्या शेजारी, कारण पेटीपाशी तोही आला आणि म्हणाला, "काका, मागची बाजू मी घेतो." काळ्या कोटातल्या माणसानं आम्हाला सहा जणांना उभं केलं. इथे पेटी खांद्यावर घेतात आणि पेटीखालून पलीकडच्या माणसाच्या पाठीवरून हात टाकून त्याचा खांदा धरतात. माझ्या पलीकडे तो आमदार होता. त्याचा हात माझ्या खांद्यावर आला, माझा त्याच्या. फोटो आता तेंदाईच्या हातात होता. ती आमच्या पुढे उलटी वळून उभी होती आणि काचेवर उजेड नव्हता. रूडो हसत होती, दात दिसत होते. आत रूडो आहे, मी स्वतःला सांगितलं. मग आम्ही उचललं.

लाकूड मानेला थंड लागलं. पहिलं पाऊल कुणाचंच जमलं नाही, पेटी डुलली, मागे कुणीतरी श्वास रोखला. ताल हवा होता. मी हळू आवाजात धरला, बे एके बे, आणि आमदारानं काही न विचारता त्यावर पाऊल टाकलं. बे दुणे चार. मागून आशुतोषचा आवाज मिसळला. बे त्रिक सहा. मागच्या खांबापाशी आम्ही आलो तेव्हा तिथूनही त्या बाईचा वाकडा आवाज आला, बे चोक आठ, आणि आमच्या बरोबर चालायला लागला. दार उघडलं. बाहेर पाऊस होता, पलीकडे झेंडे खाली केलेले होते. पायऱ्या आल्या. पुढची माणसं खाली उतरली आणि पेटी कलली. बे सक बारा. बे साती. मी थांबलो. आशुतोष आणि ती बाई थांबले नाहीत. ते म्हणाले, चौदा, आणि पाऊल खाली पडलं.

त्याच क्षणी आतलं वजन माझ्या बाजूला सरकलं. पायरीमुळे ते होतं, मला माहीत आहे, भार कसा सरकतो ते मी रोज बघतो. पण ते धक्क्यानं सरकलं नाही. ते हळू आलं, झोपेत कूस बदलून कुणी पाठीशी यावं तसं, आणि तिथे थांबलं. मी खांदा थोडा आत घेतला आणि तिला जागा करून दिली.